कामुई: टोळी सोडून पळालेला निंजा

श्रोतेहो, नमस्कार.

निंजा म्हटला की धन्याचा शब्द शिरसावंद्य मानून अंधारात कामगिरी फत्ते करणारा योद्धा डोळ्यांसमोर उभा राहतो. १९६९ साली जपानच्या फुजी टेलिव्हिजनवर आलेल्या ‘निनपू कामुई गाइदेन’ या ॲनिमेशन मालिकेचा नायक कामुई याच्या अगदी उलट आहे. तो टोळी सोडून पळालेला निंजा आहे. पळणाऱ्याला टोळीच्या कायद्यात एकच शिक्षा, ती म्हणजे मृत्यू. त्यामुळे मालिकेच्या २६ भागांत त्याच्या जिवावर उठलेले लोक हे कालपर्यंतचे त्याचेच सोबती आहेत, आणि कोणी मायेने जवळ केले तरी त्याच्याकडे त्याला आधी संशयानेच पाहावे लागते.

ही कथा सान्पेई शिरातो यांच्या मांगामधली, म्हणजे जपानी चित्रकथेतली. कामुईचा जन्म तोकुगावा काळातल्या, म्हणजे शोगुनांच्या राजवटीतल्या जपानी समाजाच्या उतरंडीत तळाशी असलेल्या ‘हिनिन’ वस्तीत झाला. जन्मावरून माणसाची पायरी ठरते म्हणजे काय होते, हे मराठी श्रोत्याला मी वेगळे सांगायला नको. शिरातोंचे वडील तोकी ओकामोतो हे श्रमिकांच्या चळवळीतले चित्रकार होते आणि त्यापायी त्यांनी पोलिसांचा छळ सोसला होता. शिरातो स्वतः तरुणपणी ‘कामिशिबाई’ची चित्रे काढत, म्हणजे आपल्या पिंगुळीच्या चित्रकथींप्रमाणे एकेक चित्र पुढे करत गोष्ट सांगणाऱ्यांसाठी ते काम करत. १९६४ मध्ये कात्सुइची नागाई यांनी ‘गारो’ मासिक काढले, ते प्रामुख्याने शिरातोंच्या ‘कामुई-देन’ या कामुईवरच्या मांगाला जागा मिळावी म्हणून.

शिरातोंनी रेखाटलेली लढाई पाहताना हात कसा चालतो, हे दिसते. कामुई आपली आखूड तलवार कमरेमागे आडवी खोचतो आणि दोन्ही हात पाठीमागे नेतो. ती डाव्या हाताने उपसली जाणार की उजव्या, हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही, आणि कळते तेव्हा वेळ टळून गेलेली असते. लढाई मध्येच थांबवून वाचकाला डावाची उकल करून सांगणे, ही शिरातोंची खास पद्धत. हल्लीच्या मालिकांत प्रकाशाचे लोळ सोडले की लढाई संपते; मुलांना ‘हे कसे घडले’ ते सांगण्याचा कंटाळा मोठ्यांनी करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता मी मालिकेच्या शेवटच्या भागांकडे येतो, कारण मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. हानबेई नावाचा एक मच्छीमार सरदाराच्या लाडक्या घोड्याचा पाय तोडून पळतो. कशासाठी? तर त्या खुरापासून गळाला लावायचे आमिष बनवता यावे म्हणून! त्याच्याबरोबर निघालेला कामुई समुद्रात पडतो आणि हानबेईच्याच बेटावर येऊन पोहोचतो. हानबेईची बायको सुगारू हीसुद्धा टोळी सोडून पळालेली निंजा आहे. पळालेला कामुई आणि पळालेली सुगारू, दोघेही एकाच छपराखाली! त्याला आपल्या मागावर पाठवले आहे अशी तिची खात्रीच होते आणि ती त्याला मारायला उठते. हळूहळू मात्र तो त्या घरचा होतो. त्यांची मुलगी सायाका त्याच्यावर जीव लावते. एक बाजू लालसर आणि दुसरी फिकट, असा सूर्य-चंद्राच्या नावाचा शिंपला त्या किनाऱ्यावर सापडतो. या प्रेमाची खूण तोच. पुढे शार्क मारणारे भटके लोक बेटावर येतात आणि त्यांचा म्होरक्या फुदो हा पळालेल्यांच्या शोधात आलेला मारेकरी निघतो. तो बेटावर विष कालवतो. हानबेई, सुगारू, सायाका, सगळे मरतात. कामुई एकटा उरतो आणि फुदोचा सूड घेतो.

आता वार आणि वेळ नीट ऐका. रविवार, संध्याकाळचे साडेसहा. सारे कुटुंब एकत्र बसते त्या वेळी, २८ सप्टेंबर १९६९ रोजी, हा शेवट जपानच्या घराघरांत दाखवला गेला. पुढच्याच रविवारी, ५ ऑक्टोबरला, त्याच वाहिनीवर, त्याच साडेसहाच्या ठोक्याला, त्याच निर्मितीसंस्थेची नवी मालिका सुरू झाली, ती ‘साझाए-सान’. एका साध्यासुध्या कुटुंबाचा हसताखेळता दिनक्रम दाखवणारी ती मालिका आजही चालू आहे आणि जगातली सर्वांत दीर्घ काळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून तिची गिनीज नोंद आहे. एका रविवारी सारे बेट मेले आणि पुढच्या रविवारी साझाए-सान आली. मला ‘साझाए-सान’विषयी आदरच आहे. तरीही २६ आठवडे का होईना, त्या वेळेला मुलांसमोर इतके दुःख मांडण्याचे धैर्य कोणी तरी दाखवले, याचे मोल मला अधिक वाटते. मुलांना दुःख सोसत नाही, ही समजूत मोठ्यांची आहे.

बेटाची ही कथा शिरातोंनी १९८० च्या दशकात मांगामध्ये रेखाटली आणि २००९ मध्ये योइची साई यांनी तिच्यावर चित्रपट केला. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी शिरातोंचे निधन झाले. चित्रकामात त्यांना साथ देणारे बंधू तेत्सुजी ओकामोतो हे त्यानंतर चारच दिवसांनी गेले. मालिका पाहणार असाल, तर थेट बेटावर उतरू नका. पहिल्या भागापासून, आणि मूळ जपानी आवाजातच पाहा. कामुई माणसांपासून इतका दूर का राहतो हे आधी कळले, तरच हानबेईच्या घरी त्याने धरलेला मुक्काम किती मोठा आहे हे समजेल.

नमस्कार.