भरडावरचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात कोरडी जमीन आहे म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. आमच्या सत्तरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग कोरडं कसलं? त्याला म्हणावं, एप्रिलमध्ये भरडावर येऊन राहा. खाली जांभा आणि वर वीतभर माती. चतुर्थीला जिथे पाय रुततो, तिथे शिगम्यापर्यंत दगड तापून चटके बसतात. माझी जमीन अशीच आहे. चार हजार चौरस मीटरला थोडी कमी, अर्ध्यात जुने काजू, बाकी झुडपं आणि चिरा. पलीकडे रान सुरू होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मनात एकच हौस होती, आपल्या जागेत हरणं यावीत. हरणं म्हणजे कोणती, हा विचारसुद्धा केला नव्हता. चितळ कळपाने राहणारं, त्याला मोकळी गवताळ जागा लागते. ते माझ्या काजूंत कशाला येईल? सांबर, म्हणजे आपलं मेरू, येईलही, पण रात्री, आणि आपण घोरत असताना. रानाच्या कडेला एकटंदुकटं फिरणारं, शेळीएवढं आणि कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर, एवढीच काय ती आशा.

आधी पाणी. पहिल्या वर्षी मी चिऱ्यांची सरळ भिंतींची टाकी बांधली आणि फार मोठं काम केलं म्हणून मिरवलो. आठवड्याने सकाळी पाहतो तर एक खार त्यात बुडून मेलेली. नखं लावायला भिंतीवर जागाच नव्हती तिला. टाकी फोडली. नंतर केलं ते पसरट ताट म्हणावं असं: दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, मध्ये जेमतेम वीतभर खोल, कडा उतरत्या, आणि आत दोन-तीन खडबडीत चिरे अर्धे बुडालेले. मधमाशीपासून गव्यापर्यंत कुणालाही उतरता आलं पाहिजे आणि चढताही. तुमच्याकडे बिनकठड्याची विहीर किंवा सोडून दिलेली चिरेखाण असेल, तर ताटाच्या आधी तिला कुंपण घाला. रात्री जनावर आत पडलं तर त्याला वर काढणं सोपं नसतं.

उन्हाळ्यात अशा पाण्यातून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जातं. एवढ्या ताटाला म्हणजे साधारण एक बादली. ही बादली रोज, न चुकता, संध्याकाळी. चार दिवस घालून पाचव्या दिवशी गावाला जायचं असेल तर सुरूच करू नका, कारण जनावर सवयीने येतं. डासांसाठी दर चार-पाच दिवसांनी ताट रिकामं करून काथ्याने घासायचं.

ताटाभोवती मी हातभर रुंद पट्टा चाळलेल्या मातीचा केला. रात्री झाडणीने सपाट करायचा, सकाळी चहाचा कप घेऊन वाचायला बसायचं. वर्तमानपत्र नंतर. पहिला महिनाभर नुसती पाखरं आणि मुंगूस. मग रानकोंबडी, ससा, एकदा साळिंदराच्या पायांमागे काट्यांनी ओढलेल्या बारीक रेघा. रानडुकरांनी तर पट्टाच उकरून टाकला! डुकरांना मी बोलावलं नव्हतं, पण पाण्यावर पाटी लावता येत नाही.

शेजारी काजू राखणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "मास्तर, उदक दवरल्यार वागय येतलो." म्हणजे, पाणी ठेवलंत तर वाघही येणार. वाघ म्हणजे त्यांच्या बोलण्यात बिबटासुद्धा. त्यांचं चुकीचं नाही. जिथे भेकर, तिथे त्याच्यामागे येणारा आहेच. त्यामुळे पाणी घरापासून लांब, जमिनीच्या रानाकडच्या टोकाला, वाटेवर नाही आणि गोठ्याजवळ तर मुळीच नाही. गुरं रात्री बंद. 2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले. गुरं मारल्याचा राग त्यामागे होता. मला त्या बातमीची आठवण आली की गोठ्याची कडी पुन्हा एकदा तपासतो.

बरेच जण विचारतात, मीठ घालू का, कोंडा घालू का? नको. मिठासाठी हरणं येतात हे खरं आहे, पण ते शिकाऱ्यालाही माहीत आहे, आणि ठरल्या जागी येणारं जनावर मारणं सोपं जातं. शिवाय तिथेच गुरं चाटतात, तिथेच हरणं, आणि रोगांची देवाणघेवाण होते. केळी आणि पाव दिले तर हरणं राहतात बाजूला, माकडं मात्र कौलांवर येतात.

झाडं लावा. आवळा, जांभूळ, उंबर, कुंभा. पहिल्या पावसात लावायची, आणि फळांची वाट पाहायची तयारी ठेवायची. करवंदाची जाळी तोडू नका, तिच्यात दिवसभर कोण बसलेलं असतं ते आपल्याला दिसत नाही एवढंच. मला सगळ्यात जड गेलं ते एक कोपरा साफ न करणं. काजूच्या हंगामाआधी खालचं गवत आणि पाचोळा जाळायची आपल्याकडे रीतच आहे. बोंडू गोळा करायला सोपं पडतं. मीही जाळत होतो. 2023 च्या मार्चमध्ये डोंगर पेटले, धूर आमच्या अंगणापर्यंत आला, तेव्हापासून काडी लावलेली नाही. काजूखाली कोयता, कोपऱ्यात काहीच नाही.

आणि कुत्री. तुमची दोन मोकाट कुत्री असतील तर बादलीचे कष्ट वाया गेले समजा. माझं कुत्रं आता रात्री पडवीत बांधलेलं असतं. बाहेरचा दिवाही बंद करतो. बायकोला हे अजून पटलेलं नाही.

पाचोळ्यात फिरताना पूर्ण पॅन्ट आणि बूट घाला, घरी येऊन अंग तपासा. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडींतून येतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

कोपऱ्यात एक काटेसावर आहे. काजूवर सावली धरते म्हणून ती पाडायला माणूससुद्धा ठरवला होता, तो आलाच नाही. तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, पहाटे खिडकीशी उभा होतो. झाडाखाली रात्री गळलेली लाल फुलं पडली होती, जाडजूड, दवाने ओली. त्यांच्यात काहीतरी हललं. तांबूस पाठ, वाकलेली मान. भेकर एक फूल उचलायचं, मान वर करून चघळायचं, कान फिरवायचं, मग पुढचं. नर होता, शिंगं आखूड, ओठाखाली सुळ्याचं पांढरं टोक दिसलं असं वाटलं. दहा मिनिटं तरी असेल. नंतर चाळलेल्या मातीच्या पट्ट्यावरून, अंगठ्याच्या पेराएवढे खूर उमटवत, रानाकडे गेला.

ताट भरलेलं होतं. त्याने पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नमस्कार.