नोटा दोरीवर, खिडक्या बंद

अध्यक्षांनी ओळख करून देताना 'निवृत्त फिजिशियन' म्हटलं. निवृत्त झालो तो ओपीडीतून. बोलण्यातून नाही, हे आमच्या घरी विचारा. पत्रिकेत विषय छापलाय, 'साथीच्या काळात धोका कोणाला आणि काळजी कशी घ्यावी'. तिकडे येतोच. आधी त्या मागच्या दोन खिडक्या कोणीतरी उघडा बघू.

२०२०चा मार्च आठवा. ९ तारखेला कोरोनाचे राज्यातले पहिले रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले आणि पंधरा दिवसांत घरोघरच्या मोऱ्यांची ऑपरेशन थिएटरं झाली. दुधाच्या पिशव्यांना साबण, वांग्यांना मिठाचं पाणी, पेपरला इस्त्री. हसताय काय, निम्म्यांनी तरी केलंय! आमच्या मेहुण्यांनी तर नोटा धुऊन दोरीवर वाळत घातल्या. त्यातली दोनशेची शेजारच्या गॅलरीत उडाली. तो वाद अजून मिटलेला नाही.

त्याच मेहुण्यांकडे त्या वर्षीचा गणपती. दारात पाय धुवायला बादली, हातावर सॅनिटायझरचा फवारा, मोदकांवर झाकण. आणि मग दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा माणसं. निरांजन विझू नये म्हणून पंखा बंद, खिडक्या लावलेल्या आणि पाऊण तास टिपेच्या सुरात आरत्या. मास्क हनुवटीवर, कारण मास्कमधून वरचा सूर लागत नाही म्हणे. मीही होतो. नुसता नव्हतो, टाळ माझ्या हातात होते. आठवड्याभरात अकरापैकी सात जण पॉझिटिव्ह. मेहुण्यांचं निदान तयार होतं: "नारळ धुवायचा राहिला!" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हे मार्चमध्येच घडून गेलं होतं. स्कॅजिट व्हॅलीतल्या एका गायकवृंदाची १० मार्चला अडीच तास तालीम झाली. हजर ६१. त्यातले ५३ आजारी पडले. ३३ तपासणीत पक्के, बाकीचे लक्षणांवरून. दोघं दगावले. मे महिन्यात छापून आलेला तो अहवाल मी वाचला होता. वाचूनही ऑगस्टात टाळ कुटले, म्हणून आज तुम्हाला सांगायला उभा आहे.

कोपऱ्यात उदबत्ती लावली की वास खोलीभर होतो ना? श्वासातले, बोलण्यातले आणि विशेषतः गाण्यातले बारीक कण तसेच तरंगत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २८ मार्च २०२०ला ठासून सांगितलं होतं, कोरोना हवेतून पसरत नाही. ते बदलायला वर्ष गेलं. २०२१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, सांगितलं, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग व्हायची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी. हात धुवाच, जुलाब-उलट्या टळतात. पण वांगी घासायला लागलेल्या वेळात एक खिडकी उघडून झाली असती.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं.

धोका. पहिलं वय, बाकी सगळं त्याच्या मागे. मग मधुमेह, लठ्ठपणा, हृदयाचे आणि किडनीचे आजार. साखर किती, हे साथ यायच्या आधी माहीत हवं. ताप चढल्यावर विचारून उपयोग नाही. ऑक्सिमीटर लावताना नखावर मेंदी-नेलपॉलिश नको, बोट गार नको. ऑक्सिजनचा आकडा ९४च्या खाली किंवा सहा मिनिटं चालल्यावर तीनाहून जास्त घसरला, तर घरी बसू नका.

स्टेरॉइड. जून २०२०च्या 'रिकव्हरी' नावाच्या ब्रिटनमधल्या औषधचाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं, रोज ६ मिलिग्रॅम, जीव वाचले, पण ते ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांचे. ज्यांना ऑक्सिजन लागला नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. आपल्याकडे लोकांनी पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. साखर भडकली, आणि २०२१त काळ्या बुरशीनं कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. यावर वेगळं व्याख्यान लागेल. मास्क नाकावर हवा, एन-९५ असला तर उत्तम. लस वेळेवर घ्या. झालं.

प्रश्न एकच घेतो. काढा घ्यावा का? सुंठ-मिरी मलाही आवडते. पण गूळ किती टाकता? बघा, बाई हसल्या! साखर तपासून घ्या आधी.

आणि अहो, ती खिडकी कुणी लावली? थंडी वाजत असेल तर माझी शाल घ्या.