पीठ कुणाचं?

मित्रहो,

आपल्या गेलेल्या मित्राच्या फोटोला हार घालून झाला, आता तुम्ही चार शब्द बोला, असं मला सांगितलंय. तो असता तर आधी विचारलं असतं, ‘बाहेर हलगी वाजवून दमलेत त्या पोरांना चहा दिला का?’ मघाशी मी विचारून आलोय. दिलाय.

लोकसंगीताचा विषय निघाला की आपण सांगलीकर दोन नावं छाती फुगवून सांगतो. दोन्ही वाळवा तालुक्यातली. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. सांगावीतच. पण ह्याचा टोमणा ठरलेला: ‘गेलेल्या शाहिराचा पुतळा बसवता, आणि दारात संबळ घेऊन आलेल्या गोंधळ्यासाठी सुटे पैसे शोधता.’

नोकरी एसटीत, कंडक्टरची. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, सगळे रस्ते पायाखालचे. सुट्टीच्या दिवशी त्याच गाड्यांनी पुन्हा जायचा, खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत धनगरी ढोल आणि गजी नाच बघताना ह्याला जेवणाची शुद्ध नसायची. उपाशी आम्ही राहायचो!

त्याची हलगीची एक कॅसेट आहे. सुरुवातीची तीन-चार मिनिटं नुसता जाळाचा चटचट आवाज. दवानं कातडं सैल पडलं की पाचट पेटवायचं, हलगी जाळावर धरायची, बोटानं टिचकी मारून बघायची. कातडं ताणलं की मगच वाजवायची. मी म्हटलं, अरे, हे कापून टाक. तर म्हणाला, ‘वाजवणं इथनंच सुरू होतं.’ हट्टी होता. कीबोर्डवर पोवाडा म्हणणाऱ्या एका चांगल्या पोराला चारचौघांत बोलला, ते मला आजही पटत नाही.

आटपाडीकडची गोष्ट सांगतो. एका म्हातारीला शेकड्यानं ओव्या येतात असं कळलं म्हणून आम्ही गेलो. ती म्हणाली, ‘आता गिरणीत दळतोय. जात्याबिगर ओवी कशी सुचंल?’ जातं परड्यात पालथं पडलेलं. ते धुतलं, खुंटा ठोकला. बाई बसेना. ‘मोकळं जातं फिरवू ने बाबा.’ मग हा दुकानातून दोन किलो जोंधळा घेऊन आला. पहिली मूठ पडली, जातं घरघरलं आणि म्हातारी सुरू झाली. आधी भाऊ, मग माहेर, मग पंढरीची वाट. दम लागायचा तिथं ओळ तुटायची, घास घालताना थांबायची, की पुन्हा वर. मी वही उघडली होती, पण चारच ओव्या लिहून झाल्या.

पुढं एका ठिकाणी ही कॅसेट ऐकवली, तर ‘जात्याचा आवाज कमी करता येईल का’ असं विचारलं. ह्यानं कॅसेट उचलली आणि चालता झाला.

परवा वहिनींनी ती मला दिली. फीत सैल पडली होती, पेन्सिलीनं गुंडाळून लावली. सगळ्या कॅसेटींत त्याचा स्वतःचा आवाज तेवढ्या एकीत आहे, अगदी शेवटाला. जातं थांबतं. म्हातारी विचारते, ‘दळाण झालं. पीठ तुमचं का माझं रं?’

‘तुझंच आये. आन् दळणावळ किती झाली?’

ती हसते, आणि तिथं फीत संपते.