आत्यानं पाहिलेला 'पॅरासाइट'

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका कोरियन सिनेमाबद्दल बोलायचंय. 'पॅरासाइट'. आपल्याकडे आंब्याच्या झाडावर बांडगूळ वाढतं ना, त्या अर्थाचं नाव. दिग्दर्शक बाँग जून-हो. २०१९ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला आणि २०२० च्या फेब्रुवारीत ऑस्करमध्ये तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. इंग्रजी नसलेल्या सिनेमाला तो मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता. पुरस्कारांचं एवढं पुरे. मला बोलायचंय ते वासाबद्दल. हो, वासाबद्दल. एवढा एक शब्द ध्यानात ठेवा.

गोष्ट थोडक्यात सांगते. सोल शहरात किम कुटुंब राहतं, अर्धं जमिनीखाली असलेल्या घरात. अशा घराला तिथं 'बांजिहा' म्हणतात. खिडकी रस्त्याला टेकलेली. मुलाला चढावरच्या पार्क साहेबांच्या बंगल्यात शिकवणी मिळते, आणि मग थापा मारत, आपसातलं नातं लपवत चौघंही तिथंच कामाला लागतात. बाप ड्रायव्हर, आई घरकामाला, मुलगी छोट्याची चित्रकलेची बाई.

हा सिनेमा मी पहिल्यांदा एकटीनं पाहिला, तेव्हा आवडला. समजला मात्र दुसऱ्यांदा, आत्याबरोबर. माझ्या आत्यानं बावीस वर्षं पुण्यात लोकांकडं पोळ्या केल्या. तीन घरं, रोज सकाळी. तिथं ती सगळ्यांची 'मावशी'. रविवारची दुपार होती, ती मेथी निवडत बसली होती, आणि मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून तिला मराठीत सांगत होते. माझं तर मतच आहे की परभाषेतला सिनेमा असाच पाहावा, कुणाला तरी मोठ्यानं सांगत. डब केलेले आवाज मला सोसत नाहीत. माणूस रडतो कोरियनमध्ये आणि हुंदका येतो स्टुडिओतून.

तर, सिनेमा सुरू होतो तो खिडकीशी वाळत घातलेल्या मोज्यांवर. आत्या लगेच म्हणाली, "घरातच वाळवतात कपडे. कुबट वास येत असेल." मी म्हटलं, "अगं, अजून काही सुरूच झालं नाही." पण तिला जे कळायचं ते कळलं होतं.

पुढं बंगल्यातला छोटा मुलगा नव्या ड्रायव्हरला हुंगतो, नव्या कामवालीला हुंगतो, आणि सांगून टाकतो की दोघांना एकच वास येतो. घरी गेल्यावर बाप म्हणतो, आता प्रत्येकानं वेगळा साबण वापरायचा की काय? मुलगी म्हणते, साबणाचं काही नाही, हा आपल्या तळघराचा वास आहे. हे घर सोडल्याशिवाय जायचा नाही.

मी हे वाचून दाखवलं आणि आत्याचे हात थांबले. मेथीची काडी तशीच बोटांत. म्हणाली, "मला दिला होता साबण."

मी सिनेमा थांबवला.

तेव्हा तिची एकच खोली होती. पावसाळ्यात दोरी आतच, स्टोव्हच्या वर. चार-चार दिवस साड्या वाळायच्या नाहीत. एका घरच्या बाई ती आली की स्वयंपाकघराचा पंखा लावायच्या, ऐन थंडीतसुद्धा. आत्याला वाटायचं, आपल्याला गॅसपुढं उकडतं म्हणून लावतात. दिवाळीला त्यांनी तिला भारीतला चंदनाचा साबण दिला, डबीत, तीन वड्या. आत्या हरखून गेली. पाडव्याला पोरांना न्हाऊ घातलं त्यानं. मग संक्रांतीला परत साबण. मग होळीला. तिसऱ्या वेळी, म्हणाली, जिना उतरताना कळलं. मधल्याच पायरीवर बसले आणि पदर नाकाशी धरून बघितला.

"मग काय केलंस?"

"काय करणार? दुसरी साडी पिशवीत न्यायला लागले. कापूर घालून. जिन्याखाली मीटरच्या पेट्यांमागं बदलायची आणि मग वर जायची." आणि लगेच म्हणाली, "बाई वाईट नव्हत्या हां. माझ्या ऑपरेशनला त्यांनीच पैसे दिले."

मी सिनेमा पुन्हा सुरू केला. किम कुटुंबातली आई अगदी हेच बोलते. नवरा म्हणतो, मालकीण श्रीमंत असूनही चांगली आहे. ती म्हणते, श्रीमंत आहे म्हणूनच चांगली आहे. पैसा म्हणजे इस्त्री, सगळ्या सुरकुत्या घालवते.

नंतर ते दृश्य येतं. साहेब आणि बाईसाहेब सोफ्यावर पडलेत, आणि टेबलाखाली श्वास रोखून किम बाप आणि त्याची मुलं. साहेब सांगतोय, ड्रायव्हरला वास येतो, उकळलेल्या फडक्यासारखा, मेट्रोतल्या लोकांना येतो तसा. मला ते आत्यासमोर वाचवेना. मी गप्प बसले. बाप टेबलाखाली हळूच आपल्या शर्टाची कॉलर हुंगतो. आत्या म्हणाली, "सांगू नकोस. कळलं."

श्रोतेहो, घर बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नकाशा काढताना आधी कपडे वाळवायची जागा काढा, हॉल नंतर. ऊन आणि वारा लागणारी दोरी ज्या घराला नाही, ते घर कितीही महाग असो, अपुरंच.

सोलमधली ही तळघरं आली कुठून? १९६८ साली उत्तर कोरियाचे कमांडो थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासाजवळ पोचले होते. त्या भीतीतून १९७० मध्ये नियम झाला की इमारतींना तळघर हवं, युद्ध झालं तर लपायला. पुढं शहरात घरं पुरेनात, तेव्हा ऐंशीच्या दशकात त्यात राहायला रीतसर मुभा मिळाली. लपायची जागा, आणि तिथं संसार थाटला माणसांनी. सिनेमातल्या पावसाच्या रात्री किम कुटुंब बंगल्यातून पायऱ्या उतरत, उतरत, उतरत घरी येतं, तर गटाराचं पाणी छातीपर्यंत. त्याच रात्री साहेबांचा मुलगा हिरवळीवर तंबूत झोपलाय, आणि तंबू गळत नाही. सकाळी बाईसाहेब गाडीत फोनवर म्हणतात, पावसानं आभाळ कसं स्वच्छ झालं! आणि ड्रायव्हरमागं बसून नाकाला हात लावत काच खाली करतात. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलला खराखुरा तसा पाऊस झाला. एका बांजिहात पाणी शिरून एकाच घरातले तिघं गेले, त्यांत तेरा वर्षांची मुलगी होती.

सिनेमात शेवटी रक्त सांडतं तेही एका दाबलेल्या नाकावरून. आत्यानं तेव्हा मान वळवली नाही. मी वळवली.

अखेरीस मुलगा ठरवतो, खूप पैसे कमवायचे आणि तो बंगलाच विकत घ्यायचा. मग पुन्हा तीच खिडकी, बाहेर बर्फ. आत्यानं विचारलं, "घेतला का गं त्यानं बंगला?" मी म्हटलं, पिक्चर इथंच संपतो. ती थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली. "खिडकी तीच आहे," म्हणाली, आणि मेथीचं ताट उचलून आत गेली.

नमस्कार.