पाच अंशांचं सुकाणू

गोव्यात चवथीला हलते देखावे उभे करणारी आणि दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे हात नाचवणारी पोरं मोटर, तार, सांधा असल्या गोष्टी हाताळतच मोठी होतात. डिचोलीतल्या या पडवीत तेच हात आता वेगळ्या कामाला लागलेत. छोट्या रॉकेटची मोटर, म्हणजे आतलं इंधन जळून जोर देणारी नळी, उडता उडता कलवता येईल, असा धारक बनवायचाय.

मॉडेल रॉकेट सहसा शेपटीच्या पंखांच्या भरवशावर सरळ जातं. पंखांना पकड यायला वेग लागतो, म्हणून ते दांडीवरून झपकन सुटतं. मोठ्या रॉकेटचं तसं नसतं. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन स्वतःच ४ अंशांपर्यंत कलतं आणि दिशा धरून ठेवतं. इथे तेच साधायचंय, आणि मोटर सोडून सगळा खर्च दोन हजार रुपयांत बसवायचाय.

तो धारक म्हणजे हा गिंबल बघा. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या दोन कड्या, एकीत एक. बाहेरची कडी एका अक्षावर डोलते, आतली तिच्या काटकोनात. आतल्या कडीत मोटर बसते. प्रत्येक अक्षाला ९ ग्रॅमचा एक सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी विजेची मोटर. मोटरचा जोर १० न्यूटन धरला, तर ५ अंश कलल्यावर आडवा जोर मिळतो जेमतेम ०.८७ न्यूटन. पण तो गुरुत्वमध्याच्या ४० सेंटीमीटर खाली लागतो. अर्ध्या किलोच्या रॉकेटला वळवायला तेवढा पुष्कळ झाला.

खरी अडचण आहे ढिलाईची. स्वस्त सर्व्होच्या प्लास्टिकच्या दातांत एखाद्या अंशाचा खेळ असतोच. मोटर मुळात पाच अंश हलणार, त्यातला एक असा वाया गेला तर रॉकेट डुलतच राहील. महागडा सर्व्हो घेतला की प्रश्न सुटतो, पण या पोरांनी काढलेली वाट मला कितीतरी सरस वाटते. सर्व्होच्या हातावर तार ५ मिलिमीटरवर अडकवली आणि कडीच्या दांड्यावर ३० मिलिमीटरवर. आता सर्व्हो ३० अंश फिरतो तेव्हा मोटर ५ अंश कलते. सर्व्होचा खेळ मोटरपर्यंत पोचेतो सहापट घटतो, ताकद सहापट वाढते. वेग तेवढा कमी होतो, पण हा सर्व्हो ६० अंश सेकंदाच्या दहाव्या भागात फिरतो. परवडतं.

प्लास्टिक साधं पीएलए आहे. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, म्हणून मोटर आणि कडी यांच्यामध्ये पुठ्ठ्याची नळी. मोटर एकच असल्यामुळे रॉकेट स्वतःभोवती फिरू लागलं, तर ते मात्र हा गिंबल थांबवू शकत नाही.

कल मोजायला एमपीयू-६०५० हा सेन्सर. त्यातला त्वरणमापक टेबलावर कल अचूक दाखवतो आणि उड्डाणात दगा देतो, कारण तिथे त्याला गुरुत्वाकर्षण नव्हे, मोटरचा जोर आणि हवेचा रोध जाणवतो. उड्डाणात विसंबायचं ते त्याच सेन्सरातल्या जायरोवर, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागावर.

गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. सडा मोकळा दिसला म्हणून तिथे परवानगीवाचून रॉकेट सोडता येत नाही. मोटरही घरी करायची वस्तू नव्हे. ती कारखान्यातली, रीतसर मिळवलेलीच हवी. म्हणून आग न लावता जे जे तपासता येतं, ते आधी इथेच तपासलं जातंय. रॉकेट दोरीने गुरुत्वमध्याशी टांगलंय. नाक उजवीकडे झुकवलं की नोझलचं, म्हणजे मोटरच्या वायू सोडणाऱ्या तोटीचं, तोंड डावीकडे वळायला हवं. प्रोग्राममध्ये एक उणे चिन्ह उलटं पडलं, तर सावरायच्या ऐवजी तोच गिंबल रॉकेटला आडवं पाडेल.

आणि ही चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते. गिंबल उलटा धरून आतल्या कडीच्या मधोमध १ किलोचं वजन टांगलंय. म्हणजे जवळपास १० न्यूटन, मोटरच्या जोराइतकंच. रिकामा असताना भराभर हलणारा बाहेरचा अक्ष या भाराखाली अडखळतो. स्क्रू थेट प्लास्टिकवर घासतोय. तिथे पितळी बुश, म्हणजे स्क्रूभोवतीच्या छोट्या नळ्या, बसवायचे ठरले आहेत. ते बसले की पुन्हा हेच वजन, आणि अक्ष मोकळा हलेपर्यंत मोटरला हात लावायचा नाही.