रिपोर्टवरचा ठळक आकडा

श्रोतेहो, नमस्कार. लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद हातात पडला की माणूस आधी ठळक छापलेला आकडा शोधतो. ज्याच्यापुढे चांदणी ते वाईट, बाकी सगळं ठीक. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नागपुरात महाल भागात माझी लॅब आहे. रक्त देताना आणि रिपोर्ट नेताना लोक जे बोलतात ते दिवसभर कानावर पडत असतं. "रक्तात तेल झालं का जी डॉक्टर?" "अंडं त बंद केलं न, मंग वाढलं कसं?" "आमच्या घरी सारेच सुकडे, आमाले कायचं कोलेस्टेरॉल!" आज या बोलण्याबद्दलच बोलू या.

रक्तातल्या तेलापासून सुरुवात करतो. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर द्रव उरतो, तो सीरम. एखाद्याचा सीरम दुधाळ निघतो. आदल्या रात्री लग्नात दाबून जेवण झालेलं असतं, शुगर बेताल असते किंवा दारू जास्त झालेली असते. नळी दाखवली की माणूस घाबरतो, "हेच का ते कोलेस्टेरॉल?" ते नव्हे. तो दुधाळपणा ट्रायग्लिसराइड्सचा, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या चरबीचा. ज्याचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, २२० आहे त्याचा सीरम बहुतेकदा अगदी निवळ असतो. नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतील. हे कोलेस्टेरॉल डोळ्यांना दिसत नाही आणि अंगाला जाणवतही नाही. डोकं जड झालं, मानेत ठणकलं म्हणून 'कोलेस्टेरॉल वाढलं असेल' असं म्हणत लोक येतात, त्या तक्रारीचं कारण दुसरंच काही असतं. फार काळ फार वाढलेलं असलं तर काहींच्या पापण्यांवर पिवळसर चट्टे उमटतात, पण बहुतेकांना तेवढीही खूण मिळत नाही.

आता अंडं. सीताबर्डीवर संध्याकाळी अंड्याच्या गाडीपाशी थोडा वेळ उभे राहा. "पिवळं काढून द्या," असं सांगणारा एक तरी भेटतो. गाडीवाला बिचारा बलक बाजूला काढतो. मग तोच गृहस्थ बटर लावून तव्यावर परतलेला पाव मागवतो! एका बलकात साधारण २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हे खरं. पण शरीरातलं बहुतांश कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतः तयार करतं. पेशींची आवरणं, पित्त, स्त्री-पुरुषांची हार्मोन्स, ड जीवनसत्त्व, या सगळ्यांना ते लागतंच. खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत आपलं उत्पादन कमी करतं. म्हणून अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेत रोज ३०० मिलिग्रॅमच्या आत राहण्याची जी मर्यादा होती, ती २०१५च्या आवृत्तीत राहिली नाही. काहींचं एलडीएल अंड्याने वाढतं, मधुमेह असलेल्यांनी बेतानं खावं, एवढं म्हणून मी अंड्याला सोडून देतो.

सोडून दिलं, कारण खरा विषय पावावरच्या त्या बटरचा आहे. संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल उचलायला कुचराई करतं आणि आकडा चढतो. ही चरबी लोण्यात, तुपात, सायीत, मटणात असते, तशीच पामतेलातही असते. बेकरीच्या खारी-टोस्टमध्ये आणि स्वस्त फरसाणात बहुधा पामतेलच असतं, आणि लोक मात्र तेलाच्या पाकिटावर 'कोलेस्टेरॉल फ्री' हे शब्द शोधतात. खोटं काहीच नाही त्यात. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतच असतं, वनस्पतींच्या तेलात ते नावाला सापडायचं. त्या दोन शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका, पाकीट उलटवून संपृक्त चरबी किती ते वाचा. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची चिंता मात्र पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. २०२२पासून आपल्याकडे तेल-तुपात ती २ टक्क्यांच्या आतच ठेवावी लागते.

तुपाबद्दल अलीकडे मोबाइलवर उलटीच हवा आहे. तूप जितकं खाल तितकं कोलेस्टेरॉल उतरतं म्हणे! वरणभातावरच्या चमचाभर तुपाला माझी हरकत नाही. त्यात साधारण ३ ग्रॅम संपृक्त चरबी असते आणि मोठ्या माणसाला दिवसभरात अशी वीस-बावीस ग्रॅम चालून जाते. पण सकाळी उपाशीपोटी वाटीभर तूप पिणारेही मला भेटले आहेत, आणि तीन महिन्यांनी त्यांचा रिपोर्ट मीच छापला आहे. तर्री, म्हणजे झणझणीत रश्श्यावरचा तवंग, आणि जवसाच्या तेलातलं सावजी मटण यांचं काय, असं तुमच्या ओठावर असेल. जवसाच्या तेलात ओमेगा-३ असतं, सावजीवाल्यांची ती बाजू खरी. वाटीवरचा तवंग प्यायचा की चमच्याने बाजूला सारायचा, हे ज्याचं त्यानं बघावं, कारण मटणाची चरबीही त्याच तवंगात उतरलेली असते.

'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल, ते भरपूर आहे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच. अंबाझरीला रोज चार फेऱ्या मारल्याने एचडीएल थोडं वाढतं, ट्रायग्लिसराइड्स उतरतात, जरूर चाला. पण एचडीएल औषधाने वाढवून पाहिलं तेव्हा हाती निराशाच आली. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल छान वाढत होतं, तरी मृत्यू जास्त दिसले म्हणून २००६मध्ये चाचणी थांबवावी लागली. एचडीएल वर असल्याने चढलेलं एलडीएल माफ होत नाही.

आणि एलडीएल खरंच दोषी आहे का, की हा औषध कंपन्यांचा डाव? हा प्रश्न विचारणारे शिकलेसवरलेले असतात, म्हणून जरा थांबून उत्तर देतो. काही कुटुंबांत जन्मतःच एलडीएल फार जास्त असतं. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आलेल्या मुलांना शाळेच्या वयातच हृदयविकार होतो. ती मुलं सिगरेट ओढत नाहीत, त्यांना ना ब्लडप्रेशर ना मधुमेह. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखवलं की अशा मुलांच्या पेशींवर एलडीएल आत ओढून घेणारा रिसेप्टरच नसतो किंवा निकामी असतो. त्यांना १९८५चं नोबेल मिळालं. आणि ज्या स्टॅटिन गोळ्यांवर एवढा राग, त्यातला पहिला पदार्थ जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३च्या सुमारास एका बुरशीत सापडला. ही गोळी यकृतातलं उत्पादन कमी करते, मग यकृत जास्त रिसेप्टर काढून रक्तातलं एलडीएल उचलतं. काहींचे स्नायू दुखतात, मधुमेहाच्या सीमेवरच्यांची शुगर किंचित वाढते, हे डॉक्टरांना सांगायचं. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी विचारायचं. पण 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून गोळी परस्पर बंद केली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी परततो. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी तर हा प्रयोग मुळीच करू नये.

नॉर्मल तरी कोणासाठी, हेही बघायला हवं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या सूचनांप्रमाणे सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १००च्या खाली असावं, धोका जास्त असलेल्याचं ७०च्या आणि ज्याला हार्ट अटॅक येऊन गेला त्याचं ५५च्या खाली. म्हणजे ९० हा आकडा रिपोर्टवर चांदणीशिवाय छापला जाईल, आणि बायपास झालेल्या काकांसाठी तो जास्तच असेल. चांदणी आमचं यंत्र लावतं, त्याला काका ठाऊक नसतात.

त्याच सूचनांप्रमाणे पहिल्या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले निघाले तरच उपाशीपोटी पुन्हा बोलावतात. हे मुद्दाम सांगतो, कारण मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीच्या दिवसांत, काही मंडळी रात्रीपासून पाणीही न पिता येतात आणि सुई लावायच्या आधीच त्यांना चक्कर येते. उपाशी यायला सांगितलं असेल तरी साधं पाणी पिऊन या.

शेवटी त्या सुकड्या मंडळींसाठी. वर सांगितलेला आनुवंशिक दोष एकाच पालकाकडून आलेली माणसं साधारण अडीचशे-तीनशेंत एक असतात, आणि त्यांत सडपातळ लोकही असतात. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर रक्ताच्या सगळ्या नात्यांनी लिपिड तपासून घ्यावं, घरातल्या शाळकरी मुलांनीही. थायरॉइडही सोबत तपासा, तो मंद असला तरी एलडीएल वाढतं. आणि डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट रद्दीत न घालता बरोबर न्या. नमस्कार.