वाए रेबोची सात घरं

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला घेऊन जायचंय इंडोनेशियात, फ्लोरेस नावाच्या बेटावर, डोंगरातल्या एका गावात. गावाचं नाव वाए रेबो. पुन्हा सांगते, वाए रेबो. गाव म्हणजे सात घरं. सातच. पण एकेका घरात सहा-सहा कुटुंबं, आणि मधल्या मोठ्या घरात आठ.

फ्लोरेस म्हणजे पोर्तुगीज भाषेत फुलं. आपल्या गोव्यात आले तेच पोर्तुगीज सोळाव्या शतकात त्या समुद्रात पोचले आणि बेटाच्या एका टोकाला त्यांनी दिलेलं नाव पुढे सगळ्या बेटाला लागलं. बेटाच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख म्हणजे मांगराई. रुतेंग हे तिथलं थंड हवेचं शहर. त्याच्याजवळ लियांग बुआ ही गुहा आहे. २००३ साली तिथे जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या प्राचीन माणसाचा सांगाडा सापडला आणि जगभर खळबळ उडाली. पण आपल्याला गुहेत नाही जायचं, आपल्याला जायचंय वाए रेबोला.

देंगे नावाच्या खालच्या गावातून चालायला लागायचं. जंगलातून दोन-तीन तासांची चढण. मी गेले तेव्हा सकाळपासून पावसाची भुरभुर होती. घाम आणि पाऊस, दोन्हींनी चिंब. शेवटच्या वळणावर एक छोटी झोपडी लागते. तिथे टांगलेल्या बांबूवर वाटाड्यानं टोले दिले, टक टक टक. पाहुणा येतोय, ही खाली गावाला वर्दी. धुकं जरा सरलं आणि खाली हिरव्यागार चौकात ती सात घरं दिसली. गवताची उभी शंकूसारखी, टोकापासून पार जमिनीपर्यंत शाकारलेली. माझा हात आपोआप फोनकडे गेला. वाटाड्यानं मान हलवली. आधी मोठं घर, मग फोटो.

हे मला फार पटलं, श्रोतेहो. हल्ली आपण कुणाच्याही अंगणात शिरतो ते फोन समोर धरूनच. घरच्या माणसाकडे बघून आधी दोन शब्द बोलावेत, फोटो कुठे पळून जात नाही.

मोठ्या घराचं दार बुटकं, वाकूनच आत जावं लागतं. आत अंधार आणि चटईवर बसलेले एक वयस्क गृहस्थ. ते हलक्या आवाजात, एका लयीत काहीतरी म्हणाले. वाटाड्यानं अर्थ सांगितला: पूर्वजांनो, ही लेक घरी आलीय, ती इथून सुखरूप परत जाईपर्यंत तिला सांभाळा. या विधीला वाए लू म्हणतात. विधी झाला की तुम्ही पाहुणे राहत नाही, गावाचं लेकरू होता. मला वाटलं, किती गोड रीत आहे. बोलण्यापुरती असेल असंच मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. चौकात चटयांवर कॉफीच्या बिया वाळत घातलेल्या. वाळवण ते वाळवण, ते काय तुम्हाला सांगायला हवं? मी पायरीवर बसून बघत होते. एक आजी फळीनं बिया पसरत होत्या. तिकडे आईला एन्दे म्हणतात, म्हणून मीही त्यांना एन्देच म्हणत होते. तेवढ्यात डोंगरावरून ढग असा उतरला की समोरचं घर दिसेना. एन्दे ओरडल्या. सगळ्या घरांतून बायका-पोरं धावली. मी आपली अंग चोरून बाजूला उभी, पाहुण्यासारखी. एन्देंनी चटईचं एक टोक उचललं आणि माझ्याकडे बघून काहीतरी खडसावून म्हणाल्या. वाटाड्या धावता धावता हसला. म्हणाला, "त्या विचारतायत, काल लेक झालीस ना? मग धर की दुसरं टोक!"

मी धरलं. चटई दुमडून, बिया पोटाशी धरून आम्ही दोघी त्या बुटक्या दारातून आत शिरलो आणि मागे सर आली. माझं डोकं चौकटीवर आपटलं. एन्देंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितलं, आणि लगेच दुसरी चटई आणायला पाठवलं!

मग चुलीपाशी बसलो. चूल घराच्या मध्यावर. धुराड्याचं नाव नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी. मी खुणेनंच विचारलं, दार उघडू का? एन्देंनी मान हलवली, चुलीत आणखी एक लाकूड सारलं आणि बोट वर केलं. वर बघितलं तर वासे, वेताच्या गाठी, गवताचा आतला पदर, सगळं काजळून काळंभोर, तेल लावल्यासारखं चकाकत होतं. या घरात एकही खिळा नाही, सगळं वेतानं बांधलेलं. तो धूर वर चढतो म्हणून गवत कुजत नाही, कीड लागत नाही. धूर आहे तोवर घर आहे, असं एन्दे म्हणाल्या.

श्रोतेहो, मला आमचं कोकणातलं घर आठवलं. चुलीवर वाशाला टांगलेली बियाण्याची कणसं आठवली. त्या घराला आम्ही दहा वर्षं कुलूप लावून ठेवलं. चूल पेटली नाही. वाळवीनं वासे पोखरले आणि एका पावसात मागची पडवी बसली. तुमचंही घर गावाकडे बंद असेल तर भाड्याची वाट बघू नका, कुणाला तरी राहायला द्या. फुकट द्या, पण त्यात चूल पेटू द्या.

हां, तर घराविषयी. या घराला म्हणतात म्बारू निआंग. आत पाच मजले. खाली माणसं, त्यावर रोजचं धान्य-सामान, तिसऱ्यावर पुढच्या पेरणीचं बियाणं, चौथ्यावर दुष्काळासाठी राखीव साठा आणि अगदी टोकाला पूर्वजांचा नैवेद्य. मांगराई लोक कॅथलिक झाले, तरी वरचा मजला पूर्वजांचाच राहिला.

आणि ही घरं जवळजवळ गेलीच होती. २००८ मध्ये जकार्ताचे वास्तुकार योरी अंतार तिथे पोचले तेव्हा चारच उरली होती. त्यांनी बाहेरचे कारागीर आणले नाहीत. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून गावातल्या तरुणांच्या हातांनीच घरं बांधवून घेतली, म्हणजे घराबरोबर बांधायची विद्याही परत आली. पुन्हा सात झाली. २०१२ मध्ये युनेस्कोनं आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला.

मांगराईत एक म्हण आहे: गेंडांग ओने, लिंग्को पेआंग. आत ढोलाचं घर, म्हणजे गावाचं ते मोठं घर, आणि बाहेर गावाचं शेत. ते शेत बघायचं तर रुतेंगजवळ चांचारला टेकडीवर चढा. मध्यबिंदूपासून फाकत गेलेल्या वाटण्या, थेट कोळ्याच्या जाळ्यासारख्या. प्रत्येकाची वाटणी हाताच्या बोटांनी मोजतात, मध्यावर ठोकलेल्या खुंटीपासून.

निघताना एन्देंनी पिशवीत कॉफी बांधून दिली. त्याच चटईवरची. मी पिशवी उघडली ती घरी आल्यावर, आणि आधी वास आला तो धुराचा.

कधी गेलात, तर बालीहून विमानानं लाबुआन बाजो, पुढे रस्त्यानं देंगे, मग चढण. आणि त्या शेवटच्या वळणावर बांबूला टोले द्यायला विसरू नका. नमस्कार.